बसकी प्रभावळ

आमच्या घरातला कॉम्प्युटर सगळ्यांना जाड दाखवायचा, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. मी मूळचा काटकुळा. लग्नाच्या फोटोत शेरवानीत मी हँगरला लटकवल्यासारखा दिसतो. पण त्या पडद्यावर तोच फोटो उघडला की मला छाती होती, खांदे होते, गालही होते. मी अधूनमधून काही कारण नसताना तो फोटो उघडून बसायचो.

तो पडदा आला कसा ते सांगतो. गणेशगुडीला नदीकाठच्या एका लॉजवर मी हिशेब बघतो. तिथल्या ऑफिसात नवीन सामान आलं तेव्हा जुना रुंद मॉनिटर अडगळीत निघाला होता. मालकांना म्हटलं, मी नेतो. तो बाइकवर पुढ्यात धरून घरी आणला आणि माझ्या त्याहून जुन्या कॉम्प्युटरला जोडला. चित्र या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलं. आणखी काय पाहिजे? बायको एकदा म्हणाली होती, "अवो, ह्यात चंद्र लिंबावानी का दिसतोय?" मी तिला समजावलं, "मोठा पडदा आहे. ऐसपैस दिसणारच." तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती पीठ मळायला गेली.

आता देवाकडे येतो.

माझी सासुरवाडी नंदिगड्ड्याच्या बाजूला. तिथल्या देवळात पालखीचा लहानसा देव आहे, वीतभर उंचीचा, आणि त्याच्या पाठीमागे लाकडी प्रभावळ असते. प्रभावळ म्हणजे देवाच्या मागची कोरीव कमान. ती नसेल तर देव पालखीत बसत नाही. उघड्या पाठीनं देवाला गावातून फिरवत नाहीत. ही प्रभावळ माझ्या मेव्हण्याच्या आज्यानं केली होती. यंदा तिला वाळवी लागली. बोट लावलं की भुगा पडायचा.

मेव्हणा सुतार. दारं, पलंग, लॉजवाल्यांची बाकं असली कामं करतो. देवाचं काम त्याच्या हाताला कधी आलं नव्हतं. पंचांचं म्हणणं पडलं की आता बेळगावहून पितळेची तयार आणूया, वाळवीची कटकटच नको. एकटा गुरव त्याच्या बाजूनं उभा राहिला. गुरवाला सगळे अज्जा म्हणतात. अज्जा म्हणाला, "आज्यानं केल्याली नातवाला एकदा करू द्या. न्हाई जमली तर हाय की बेळगाव." म्हणजे एकच संधी होती. हुकली, तर देवाचं काम त्या घरातून कायमचं गेलं.

लाकूडही एकदाच मिळायचं. देवराईतलं झाड आपण तोडत नाही. आपसूक पडलेलं झाड असेल तर देवाला कौल लावायचा, उजवं फूल पडलं तर घ्यायचं. पडलेल्या फणसाच्या एका फळीचा कौल झाला. एकीचाच. पुन्हा त्याच वर्षी त्याच कामाला कौल मागणं म्हणजे देवाची उलटतपासणी घेतल्यासारखं. ते कुणी करत नाही.

भंगलेली देवाची वस्तू देवळात ठेवत नाहीत, नदीला देतात. आम्ही जुनी प्रभावळ फडक्यात गुंडाळून काळी नदीवर नेली. पाण्यात सोडायच्या आधी मेव्हण्यानं खिशातून टेप काढली. तेवढ्यात मी पुढं झालो.

"माप कशाला घेतोस? भुगा पडतोय बघ. माझ्याकडं फोटो हाय की, अगदी समोरून काढलेला."

"फोटोतनं माप कसं येतंय, दाजी?"

"बैठकीची रुंदी तर देवाची देवाकडंच हाय. ती पडद्यावर लावायची. रुंदी बसली की उंची आपोआप येती. फोटो काय खोटं बोलतोय होय?"

अज्जानं विचारलं, "नक्की?"

मी म्हटलं, "अज्जा, कॉम्प्युटर हाय त्यो."

टेप खिशात गेली आणि प्रभावळ पाण्यात.

रविवारी मेव्हणा आमच्याकडे आला. देवाच्या बैठकीची रुंदी त्यानं एका काडीवर खाच करून आणली होती. मी फोनमधला फोटो कॉम्प्युटरवर घेतला, काडी काचेवर आडवी धरली आणि फोटो इतका मोठा केला की प्रभावळीचा तळ बरोबर काडीएवढा झाला. मग पडद्यावर पारदर्शक कागद चिकटवून मेव्हण्यानं पेन्सिलीनं रेघ ओढून घेतली. साचा तयार झाला. प्रिंट नको, हिशेब नको, चौकोन पाडून चित्र मोठं करत बसणं नको. मी चहा पिता पिता त्याला म्हणालो, "तुझ्या आज्याला असलं मिळालं असतं तर?" तो म्हणाला, "आजा बसला असता सुम्म, कोरायचं इसरून." सुम्म म्हणजे आमच्याकडे उगीच, गप्प. दोघंही हसलो. फार छान दिवस गेला.

मेव्हण्याची पद्धत अशी की आधी फक्त बाहेरची रेघ कापायची. मग ती फळी देवामागं लावून बघायची आणि नंतरच आतलं कोरायचं. त्याप्रमाणे तो फळी कापून देवळात घेऊन आला. मीही गेलो, बायकोही आली. नव्या पद्धतीचं कौतुक व्हायला माणसं हवीत ना.

अज्जानं देव चौरंगावर ठेवला आणि मागं फळी उभी केली. तळ बैठकीशी तंतोतंत जुळला. आणि देवाचा मुकुट फळीच्या वर आला.

थोडासा नव्हे. अख्खा मुकुट. पाळण्यातून मूल डोकं काढून बघतं तसा देव आमच्याकडे बघत होता.

अज्जानं देवाकडं बघितलं, फळीकडं बघितलं. मग म्हणाला, "ही प्रभावळ हाय की पाट?"

मी मेव्हण्याला म्हणालो, "अरे, तू वरनं कापताना जास्त घेतलंस काय?"

"मी जास्त घेतलं? तुमच्या काचंवरची रेघ हाय ती, दाजी! केसभर हाललो न्हाई मी!" त्यानं साचा काढून फळीवर ठेवला. जुळला. त्याचे कान लाल झाले होते. मग तो फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

बायकोनं माझा फोन घेतला, फोटो काढला आणि फळीशेजारी धरला. "ह्यात बगा. फोनात उभी हाय. फळीत बसकी हाय. मधी काय हाय? तुमचा पडदा."

"पडदा कसा चुकंल?" मी म्हणालो, पण माझाच आवाज मला लिंबासारखा आंबट लागला.

मेव्हणा म्हणाला, "अज्जा, खाली पट्टी मारून वर उचलतो."

"ठिगळ न्हाई चालायचं." अज्जानं देव परत गाभाऱ्यात नेला. आतूनच म्हणाला, "पालखीआधी एक रविवार हाय अजून. त्यो बी गेला तर मला पंचांस्नी सांगावं लागंल."

परतताना बाइकवर मागून बायको म्हणाली, "त्यानं तुमच्यावर भरवसा ठेवला." एवढंच. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या घाटातल्या वळणांवर मी ठरवलं की तो पडदा गोलाला गोल दाखवेपर्यंत मी त्याच्यासमोरून उठणार नाही. फळीचं पुढं काय व्हायचं ते होवो, आधी खरा आकार तर कळला पाहिजे. फोनवरून चौकोन पाडता आले असते, पण फोनची काच तडकलेली, आणि आता माझा माझ्यावरही विश्वास राहिला नव्हता.

लॉजवर सुट्टी टाकली. सकाळी अंघोळ करून कॉम्प्युटरसमोर बसलो, पूजेला बसल्यासारखा.

पहिली गोष्ट म्हणजे कसोटी हवी. चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये शिफ्टचं बटन दाबून वर्तुळ काढलं की ते पक्कं गोल येतं. ते काढलं. बायकोची हिरवी बांगडी मागून घेतली आणि काचेवर धरली. बांगडी गोल, आणि तिच्यामागचं वर्तुळ दोन्ही बाजूंनी बाहेर सांडलेलं, चांगलं अंड्यासारखं. शिवणाची टेप लावली तर आडवं माप उभ्यापेक्षा सरळ सरळ जास्त. कॉम्प्युटर शपथेवर सांगत होता की गोल आहे, आणि बांगडी म्हणत होती की नाही. मी बांगडीच्या बाजूनं उभा राहिलो.

मग मॉनिटरच्या खालची बटनं. त्यातल्या कशात तरी चित्राचा आकार बदलता येतो असं वाटलं. मी दाबत गेलो आणि मेनूची भाषाच बदलली. कुठली होती देव जाणे, अक्षरं झुरळांसारखी होती. अंदाजानं परत यायला बराच वेळ गेला. चंद्र अजून लिंबूच होता.

पुढं सेटिंग उघडलं. पडद्यावर किती ठिपके आडवे आणि किती उभे, ते निवडायची यादी असते. माझ्या यादीत सगळे आकडे जुन्या चौकोनी मॉनिटरचे होते. तिथं मला पहिल्यांदा कळलं की घोळ काय आहे. कॉम्प्युटर चौकोनी चित्र पाठवत होता आणि मॉनिटर ते दोन्ही कानांना धरून ताणत होता, कडा भरून काढायला. लहान पापड मोठ्या ताटाएवढा लाटावा तसा, पण फक्त आडवा. माझी छाती, माझे खांदे, सगळं त्या ताणण्यातलं.

रुंद आकडे यादीत का नाहीत? कारण ग्राफिक्स कार्डला त्याचा स्वतःचा ड्रायव्हर कधी घातलाच नव्हता. ड्रायव्हर म्हणजे कार्ड कसं चालवायचं ते कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्रॅम. तो नसला की कॉम्प्युटर कार्डाला ओळख नसलेल्या पाव्हण्यासारखं वागवतो: ये, बस, पाणी पी, जास्त काही मागू नको.

डबा उघडला. आत धूळ, पालीची अंडी, आणि कार्डावरचा नंबर अर्धा पुसलेला. उरलेला मी अंदाजानं पुरा केला, आणि हीच माझी खोड. घरात रेंज नाही. रेंज मिळते ती धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर, जिथं अर्धा गाव फोन वर धरून उभा असतो. मीही जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हर फोनवर उतरवला, घरी येऊन घातला. उत्तर आलं की असलं कार्ड ह्या कॉम्प्युटरात नाही.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"आपल्याकडं भलत्याचाच पाव्हणा आला."

पुन्हा डबा उघडला. ह्यावेळी कार्ड बाहेर काढून उन्हात नेलं आणि तिरपं धरून नंबर नीट वाचला. आठाचा मी तीन केला होता. पुन्हा वळणावर गेलो. तिथं उभा असलेला एक ओळखीचा म्हणाला, "आज लयच फोन लागलंय तुमास्नी." मी म्हटलं, देवाचं काम आहे. तो फोन खाली करून बाजूला सरला, रेंजची चांगली जागा माझ्यासाठी सोडून.

घरी पोचलो तर वीज गेलेली. सुप्याचं धरण आमच्या एवढ्या जवळ की पाण्याचा वारा अंगणात येतो. वीज मात्र आमच्या डोक्यावरून तारांतून दूर जाते. खाली उतरायला तिला सवड नसते. मी खुर्ची सोडली नाही. काळ्या पडद्यासमोर तसाच बसलो. बायकोनं भाकरी तिथंच आणून दिली. म्हणाली, "खावा की. काय, गोल हाय काय बगताय?"

वीज आली. खरा ड्रायव्हर बसला. यादीत रुंद आकडे आले! मी हावरट. सगळ्यात शेवटचा, सगळ्यात मोठा आकडा दाबला. पडदा काळा झाला. अशा वेळी थांबायचं असतं. काही केलं नाही तर तो आपसूक पूर्वीसारखा होतो. पण मी घाबरून एंटर दाबलं. पडद्यावर न दिसणारा प्रश्न होता, "हे असंच ठेवू का?" आणि मी अंधाराला होकार देऊन मोकळा झालो. मग बंद करून, सेफ मोडमध्ये चालू करून, मुकाट्यानं मॉनिटरला झेपेल तो आकडा निवडला.

आता चित्र चौफेर काळी किनार सोडून मधोमध आलं, तेरवीच्या पत्रासारखं. मी तरी उठलो नाही. कार्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथं चित्र कसं बसवायचं त्याचे पर्याय होते: पडदा भरून टाका, प्रमाण राखा, मधोमध ठेवा. आतापर्यंतचं माझं सगळं आयुष्य पहिल्या पर्यायावर गेलं होतं. मी दुसरा निवडला. त्याच्याच शेजारी कमी-जास्त करायची एक सरकपट्टी होती. ती ह्या टोकापासून त्या टोकाला नेताच काळी किनार गेली.

वर्तुळ काढलं. बांगडी धरली. बायको माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. बांगडीच्या आत वर्तुळ दिसेना, बाहेरही दिसेना. बरोबर बांगडीच्या मागं लपलं होतं.

"बसलं," ती म्हणाली. मग लग्नाचा फोटो उघडायला लावला आणि हसत सुटली. "परत काडी झालासा की वो!"

मेव्हण्याला निरोप धाडला. तो आला, पण खुर्चीत बसेना. उंबऱ्याशीच उभा राहिला. "दाजी, पुन्यांदा काचेवरनं न्हाई."

"काचेवरनं न्हाई. आधी टेप काढ." मी पडद्यावर वर्तुळ काढलं आणि त्याच्या हातात टेप दिली. त्यानं आडवं मोजलं, उभं मोजलं, तिरपं मोजलं, मग माझ्यावरचा संशय म्हणून पुन्हा आडवं मोजलं. तेव्हा कुठं बसला.

मी प्रभावळीचा फोटो उघडला. काय सांगू, जणू फोनमधनं कुणी फडक्यानं पुसून बाहेर काढली होती. उभी, ताठ, वर अर्धं वर्तुळ नेमकं गोल. आधी सगळं ताणून पुसट झालेलं असायचं. आता लाकडाची शीरसुद्धा दिसत होती. मेव्हणा पुढं वाकला. कमान जिथं सुरू होते तिथं, दोन्ही बाजूंना, एक बारीक आडवी रेघ होती.

"ही चीर हाय?" मी विचारलं.

"चीर दोनी बाजूस्नी एकाच उंचीवर कशी पडंल?" तो नाक काचेला लागेल इतका जवळ गेला. मग एकदम ओरडला, "अक्का! ये की हिकडं! आज्यानं जोडल्याली हाय! दोन खांब न्यारं, कमान न्यारी! आज्यानं तीन तुकड्यांत केल्याली हाय!"

त्यानं कागद मागितला नाही. बसकी फळी त्यानं सोबतच आणली होती, का ते त्यालाही माहीत नव्हतं. ती टेबलावर ठेवून त्यानं काडीच्या अर्ध्यावर खिळा टेकला, दोरी बांधली आणि फळीच्या तळापासून अर्धं वर्तुळ फिरवलं. ते फळीच्या आत मावलं. सगळीकडून मावलं, वर बोटभर लाकूड उरलं. आतलं अजून कोरलं नव्हतं म्हणून जमलं. खांबांसाठी त्याच फळीचा कापून उरलेला तुकडा घरी पडला होता. नवा कौल लागणार नव्हता.

"पण अज्जा ठिगळ म्हणाला तर?" मी विचारलं.

"ठिगळ न्हवं दाजी, सांधा हाय. आज्याचाच."

रविवारी आम्ही देवळात गेलो. मी मोठा केलेला फोटो छापून नेला होता. अज्जानं तो दाराच्या उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला, त्या दोन रेघांवर नख फिरवलं. "मी इतकी वर्सं ह्यास्नी तेल लावलं," तो म्हणाला, "अन् मला वाटायचं ही तेलाची रेघ."

मेव्हण्यानं खांब उभे केले आणि कमान वर बसवली. खिळा नाही, खांबाचं कुसू, म्हणजे वरचा कोरीव दात, कमानीच्या खाचेत घालून, लाकडाच्या हातोडीनं हलकेच ठोकून. अज्जानं देव पुढं ठेवला. मुकुट कमानीखाली गेला. अज्जानं मुकुट आणि कमान यांच्यामध्ये आडवी बोटं घालून बघितली, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. आम्ही तिघं त्याच्या बोटांकडे बघत होतो. मी तर मनातल्या मनात बांगडीसुद्धा धरली होती.

"व्हय," अज्जा म्हणाला. "आता देवाला डोकं हालवाय जागा हाय. पंचांस्नी सांगतो, बेळगावास्नं काय आनायचं न्हाई." मग मेव्हण्याकडे वळला. "घरी नगं नेऊ. हितंच कोर, देवासमोर. पालखीआधी हुईल न्हवं?"

"हुईल."

मेव्हण्यानं पडवीत पोतं अंथरलं आणि पटाशी काढली. मी विचारलं, मी काय करू? त्यानं माझ्याकडे बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "दाजी, तुमी फकस्त धरून बसा. काय मोजू नगा."

मी दोन्ही हातांनी कमान दाबून धरली. पहिल्याच घावाला फणसाच्या लाकडाची पिवळी ढलपी उडून माझ्या मांडीवर पडली. दुपार उतरेपर्यंत मी हललो नाही.